नजर एकीकडे, हात दुसरीकडे : बगरूच्या ठशापासून पेन डिस्प्लेपर्यंत

संगणकावर चित्र काढू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे खरेदीच्या वेळी एक प्रश्न हमखास उभा राहतो. ज्यावर थेट रेघ उमटते असा पडद्याचा पेन डिस्प्ले घ्यावा, की हात मेजावर आणि नजर समोरच्या पडद्यावर ठेवायला लावणारी साधी ग्राफिक टॅब्लेट घ्यावी? दोहोंच्या किमतीत मोठी तफावत असल्याने हा प्रश्न बहुधा पैशांच्या अंगानेच सोडवला जातो. त्याला साठ वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासाची पारख करायला जयपूरपासून सुमारे तीस किलोमीटरवर, अजमेरच्या रस्त्यावर वसलेल्या बगरूइतकी योग्य जागा क्वचितच सापडेल.

बगरूतील छीपा कारागीर पिढ्यान्‌पिढ्या लाकडी ठशांनी कापड छापत आले आहेत. एका नक्षीसाठी एकच ठसा पुरत नाही. बाह्यरेषेचा ठसा म्हणजे ‘रेख’, पार्श्वभूमी भरणारा ‘गद’ आणि आतले रंग भरणारा ‘दत्ता’. प्रत्येक ठसा आधीच्या छापावर नेमका बसावा लागतो. चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये आज ज्यांना आपण ‘लेयर’ म्हणतो, त्यांचीच ही लाकडातली मांडणी होय. ठशावरची आकृती कोरताना उलटी असते, कापडावर ती सुलट होते. कोरणाऱ्याला त्यामुळे चित्राचा आरशातला चेहराही ओळखता यावा लागतो.

रंगाची गोष्ट याहून विलक्षण आहे. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवतात. हिरड्यातील टॅनिन धाग्यात मुरते. लोखंडाचे तुकडे आणि गूळ पाण्यात आंबवून केलेली ‘स्याही’ त्यावर पडली, की लोहाचे क्षार व टॅनिन यांच्या संयोगातून काळा रंग तयार होतो. लाल रंगासाठी मात्र तुरटीचा लेप छापतात, त्याला ‘बेगार’ म्हणतात. तुरटीला स्वतःचा रंग नसल्याने छाप दिसावा एवढ्याचसाठी तीत गेरू मिसळतात. पुढे धायटीच्या फुलांसह अलिझरिनच्या उकळत्या पाण्यात कापड घातले, की तुरटी असेल तेथेच गडद लाल उमटतो. म्हणजे छापणाऱ्याच्या डोळ्यांपुढचा रंग हा अंतिम रंग नसतोच. तो केवळ खूण असतो.

आता संगणकाकडे वळू. १९६३ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ हा प्रबंध सादर केला. टीएक्स-२ या संगणकाच्या पडद्यावर ते प्रकाशलेखणीने थेट आकृत्या काढत. या लेखणीतून शाई किंवा प्रकाश बाहेर पडत नसे. उलट पडद्यावरचा ठिपका उजळताच ती तो प्रकाश टिपे, आणि कोणता ठिपका कोणत्या क्षणी उजळला हे संगणकाला ठाऊक असल्याने लेखणीची जागा कळे. स्केचपॅडमध्ये एक मूळ आकृती काढून तिच्या हव्या तितक्या प्रती मांडता येत, आणि मूळ आकृती बदलली की सर्व प्रती आपोआप बदलत. लाकडी ठसाही एकाच आकृतीच्या असंख्य प्रती देतो. पण एकदा कोरलेला ठसा बदलता येत नाही आणि छापलेली प्रत परत घेता येत नाही. दोन माध्यमांतला खरा फरक येथे आहे.

प्रकाशलेखणीने हात आणि नजर एकत्र आणली खरी, पण उभ्या पडद्यासमोर हात तासन्‌तास उचलून धरणे कष्टाचे होते. १९६४ मध्ये रँड कॉर्पोरेशनच्या संशोधकांनी वेगळी वाट धरली. सुमारे दहा इंच लांब-रुंद पाटीखाली त्यांनी तांब्याच्या बारीक वाहकांची जाळी बसवली. जाळीतून जाणारे विद्युत् स्पंद लेखणी टिपत असे आणि इंचाला शंभर या सूक्ष्मतेने तिचे स्थान निश्चित होई. पाटी मेजावर, रेघ समोरच्या पडद्यावर. हात एकीकडे आणि नजर दुसरीकडे ठेवून माणसाला रेखाटता येईल का, ही शंका स्वाभाविक होती. अनुभव असा आला, की थोड्या सरावाने ते सहज जमते. बिनपडद्याची आजची टॅब्लेट या रँड टॅब्लेटचीच वारस आहे.

या दोन परंपरांचा संगम जपानमध्ये झाला. १९८३ साली स्थापन झालेल्या वॅकॉम कंपनीने विद्युत्‌चुंबकीय अनुनादावर चालणारी, तार व बॅटरी नसलेली लेखणी प्रचारात आणली. फलकातील तारांची वेटोळी क्षणभर चुंबकीय क्षेत्र निर्माण करतात. त्या क्षेत्रातून लेखणीतील वेटोळे व धारित्र ऊर्जा घेतात आणि दुसऱ्या क्षणी स्वतःचा संकेत परत पाठवतात. टोकावरचा दाब बदलला की त्या संकेतात फरक पडतो. हा फलक द्रवस्फटिक पडद्याच्या मागे बसवला आणि पेन डिस्प्ले आकाराला आला. २००१ पासून ‘सिंटिक’ या नावाने तो चित्रकारांच्या परिचयाचा झाला. पुढे ह्युऑन, एक्सपी-पेन या चिनी कंपन्यांचे बिनबॅटरीचे पर्याय आले आणि विद्यार्थ्यांसाठीही निवडीचा प्रश्न खरा झाला.

भारत या इतिहासाचा केवळ प्रेक्षक नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘टिफ्रॅक’ या स्वदेशी संगणकाला आलेख व अक्षरे दाखवणारा कॅथोड किरण नळीचा पडदा होता. पुढे मुंबईतच मराठी कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी बोरूच्या वळणांची जाण संगणकीय अक्षरांत उतरवली. देवनागरीचा ‘मंगल’ हा टंक त्यांचाच. साधन बदलले तरी हाताची शिकवण टिकू शकते, याचे हे आपल्या घरचे उदाहरण.

मग निवड कशी करावी? बगरूची कसोटी लावून पाहू. पहिली बाब लंबन. काच जाड असेल आणि नजर तिरपी असेल, तर लेखणीचे टोक एका जागी आणि रेघ दुसऱ्या जागी दिसते. दोन मिलिमीटर जाडीच्या काचेतून ४५ अंशांनी पाहिल्यास वक्रीभवन धरूनही हा फरक सुमारे एक मिलिमीटर भरतो. ‘रेख’ आणि ‘दत्ता’ यांच्या जुळणीत एक मिलिमीटर ही मोठी चूक आहे. म्हणून काच व पडदा एकसंध चिकटवलेला पेन डिस्प्ले पाहावा, आणि घेण्यापूर्वी चारही कोपऱ्यांत रेघ ओढून तपासावी.

दुसरी बाब सूक्ष्मतेची. १५.६ इंची फुल एचडी पडद्याचा एक ठिपका सुमारे ०.१८ मिलिमीटरचा असतो. अर्ध्या मिलिमीटरची रेघ त्यावर जेमतेम तीन ठिपक्यांत मावते. तरीही काम अडत नाही. पंधरा सेंटिमीटर रुंदीची नक्षी इंचाला ३०० ठिपके धरून काढायची, तर फाइल सुमारे १७७० ठिपके रुंद हवी. ही सूक्ष्मता फाइलची असते, आणि चित्र मोठे करून पाहता येते. दाबाच्या ८१९२ पातळ्यांच्या जाहिरातीनेही भुलू नये. छापल्या रेघेची जाडी अखेर लाकूड आणि छिन्नी ठरवते.

तिसरी बाब रंगाची, आणि येथे बगरू सर्वांत मोठा धडा देते. पडदा प्रकाश मिसळतो, कापड प्रकाश शोषते. स्याहीचा काळा आणि अलिझरिनचा लाल पडद्यावर कधीच तंतोतंत दिसणार नाहीत. पडद्यावरचा रंग गेरूसारखा मानावा. तो जागा दाखवतो, अंतिम रंगाची हमी देत नाही. म्हणून महागड्या रंगविस्तारावर खर्च करण्याआधी रंगवलेल्या कापडाचे नमुने जवळ ठेवावेत.

पडद्यावर रेघा गिरवण्याचे आणि बारीक जुळणीचे काम रोजचे असेल, तर पेन डिस्प्ले आपली किंमत वसूल करतो. नुकती सुरुवात असेल, तर साध्या टॅब्लेटवर लाज वाटण्याचे कारण नाही. रँडच्या संशोधकांनी १९६४ मध्येच तिची बाजू सिद्ध केली आहे. उरलेल्या पैशांत चांगला कागद, थोडे कापड आणि बगरूचा एक प्रवास सहज होईल.