नार्व्याच्या पैलतीरावरचे बिशप

डिचोली महालातील नार्वे गावच्या नदीकाठी उभे राहिले म्हणजे पाण्यापलीकडे दिवाडी बेटाची हिरवी किनार दिसते. त्या बेटावरही नार्वे याच नावाचा एक गाव आहे. श्री सप्तकोटेश्वराचे प्राचीन स्थान त्या बेटावरचे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेखाली ते देवालय उद्ध्वस्त झाले, तेव्हा भाविकांनी लिंग नदीपार नेले आणि आदिलशाही मुलखात त्याची स्थापना केली. पुढे १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने तेथे देवालयाची उभारणी झाली. ही हकीकत महाराष्ट्रात पुष्कळांना ठाऊक असते. परंतु त्याच बेटावर जन्मलेला एक ख्रिस्ती बिशपही पोर्तुगिजांच्या जाचामुळे त्याच आदिलशाही मुलखात, डिचोलीस, येऊन राहिला होता, ही गोष्ट फारशी कोणाच्या कानी आलेली नसते. त्या बिशपांचे नाव मातेउस द कास्त्रो. त्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव महाले. लॅटिन पंथाचे पहिले भारतीय बिशप होण्याचा मान त्यांच्याकडे जातो.

मातेउस यांचा जन्म १५९४ च्या सुमारास दिवाडी बेटावरील नावेली गावी एका ब्राह्मण घराण्यात झाला. त्यांचे शिक्षण बार्देशात रेइश मागुश येथे फ्रान्सिस्कन पाद्र्यांच्या विद्यालयात झाले. तो काळ मोठा विलक्षण होता. १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' छापून निघाले. इंग्लंडात जन्मलेला हा जेझुइट येथल्या लोकांच्या भाषेत ओवी रचीत होता. दूर दक्षिणेत मदुरेस रोबेर्तो द नोबिली हा इटालियन जेझुइट काषाय वस्त्रे परिधान करून ब्राह्मण संन्याशाप्रमाणे राहत होता. परदेशी पाद्री ब्राह्मणाचा वेष घेत होते. पण जन्माने ब्राह्मण असलेला दिवाडीचा तरुण जेव्हा गुरुदीक्षा मागावयास गेला, तेव्हा गोव्याचे आर्चबिशप क्रिस्तोव्हाँव द सा इ लिस्बोआ यांनी ती देण्याचे साफ नाकारले.

हा नकार धर्मशास्त्रातून आलेला नव्हता. बाप्तिस्म्याने सर्व माणसे एका कुटुंबाची होतात, असेच ख्रिस्ती धर्म सांगतो. गोव्यात एतद्देशीय पाद्री पूर्वी मुळीच झाले नव्हते असेही नाही. करंबोळीचे आंद्रे व्हाझ यांना १५५८ सालीच दीक्षा मिळाली होती. परंतु राज्यकर्त्यांच्या मनात एक अढी होती. एतद्देशीय मनुष्य पाद्री झाला तरी त्याने खालच्या पायरीवर राहावे, संन्यस्त संघांची दारे त्याला बंद असावीत आणि अधिकार युरोपियनांच्या हाती असावा, अशी ती वृत्ती. तिला आधार होता तो 'पाद्रोआदो' या व्यवस्थेचा. या व्यवस्थेनुसार पूर्वेकडील देशांत धर्मप्रांत स्थापणे, चर्चचा खर्च चालवणे आणि बिशपांची नावे सुचवणे हे हक्क पोपने पोर्तुगालच्या राजाला दिले होते. धर्मपीठ आणि राजसत्ता यांची अशी गाठ पडल्यामुळे, जी गोष्ट राजाच्या अधिकाऱ्यांना रुचत नसे ती चर्चमध्येही घडत नसे.

मातेउस गप्प बसले नाहीत. धर्म सोडणे त्यांच्या मनातही आले नाही. ज्या धर्मसत्तेच्या नावाने नकार मिळाला होता, तिच्या मूळ पीठाकडेच दाद मागावी, असे त्यांनी ठरवले. इराणच्या वाटेने खुष्कीचा दीर्घ प्रवास करून ते १६२५ च्या सुमारास रोमला पोहोचले. वेळ अनुकूल होती. तीन वर्षांपूर्वी, १६२२ साली, पोप पंधरावे ग्रेगरी यांनी धर्मप्रसाराचे काम पाहण्यासाठी 'प्रोपागांडा फिदे' हे खाते स्थापन केले होते. त्याचे चिटणीस फ्रान्चेस्को इंगोली हे मोठे दूरदृष्टीचे गृहस्थ होते. पूर्वेकडील देशांत चर्च रुजावयाचे असेल तर त्या त्या देशाचेच पाद्री आणि बिशप तयार झाले पाहिजेत, असे त्यांचे ठाम मत होते. आपल्या मताचे जिवंत प्रमाणच त्यांना दिवाडीच्या या तरुणात दिसले. रोममध्ये मातेउस यांचे उच्च शिक्षण झाले आणि तेथेच त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

ते गोव्यास परतले. परंतु रोमचे अधिकारपत्र जवळ असूनही येथील अधिकाऱ्यांनी त्यांना कामास वाव दिला नाही. पुन्हा रोमची वाट धरणे भाग पडले. या दुसऱ्या खेपेस, १६३७ साली, त्यांचा बिशप म्हणून अभिषेक झाला. गोव्याच्या धर्मप्रांतावर नेमणूक करणे पाद्रोआदोमुळे शक्य नव्हते. म्हणून पोपने त्यांना क्रिसोपोलिस या प्राचीन, नाममात्र उरलेल्या धर्मप्रांताची पदवी दिली आणि आदिलशाही मुलखासाठी आपले प्रतिनिधी, म्हणजे 'व्हिकर अपोस्टोलिक', नेमले. पोर्तुगालच्या राजाला वगळून रोमने थेट चालवलेल्या या कारभाराचा हा आरंभीचाच प्रयोग होय. पुढे १६५८ नंतर फ्रेंच पाद्र्यांना याच रीतीने अतिपूर्वेकडे पाठवण्यात आले.

विजापूरच्या आदिलशहाच्या मुलखात पोर्तुगिजांचे शासन चालत नव्हते. डिचोली त्या मुलखात असली तरी गोवा शहरापासून ती काही कोसांवरच होती. नव्या बिशपांनी तिथेच आपले ठाणे केले. एका मुसलमान राजाच्या छायेत, पोर्तुगीज कॅथलिक राज्याच्या सीमेला लागून, एक कॅथलिक बिशप निर्वेधपणे उपासना चालवीत होता, ही त्या शतकातील एक अपूर्व स्थिती म्हटली पाहिजे. गोव्यात ज्यांना दीक्षा नाकारली जाई, असे तरुण नदी ओलांडून त्यांच्याकडे येत आणि दीक्षा घेऊन परत जात. गोव्याच्या धर्माधिकाऱ्यांनी या दीक्षा मान्य केल्या नाहीत. मग एकीकडे रोमची मुद्रा आणि दुसरीकडे लिस्बनची, अशा कात्रीत हे नवे पाद्री सापडले. जेझुइटांशी मातेउस यांचा कायमचा विरोध जडला. इथिओपियाचे पॅट्रिआर्क अफोन्सो मेंदिश यांनी तर त्यांचा उल्लेख करताना वर्णावरून हिणवणारे शब्द वापरले. धर्माच्या वादात कातडीचा रंग शिरला म्हणजे तो वाद धर्माचा राहत नाही, याचे हे उदाहरण.

मध्यंतरी त्यांच्याकडे इथिओपियाची कामगिरी सोपवण्यात आली. परंतु तेथील बादशहा फासिलिदस याने कॅथलिक पाद्र्यांना देशाबाहेर घालवले होते. त्यामुळे त्या देशात पाय ठेवणेच कठीण होते. ती कामगिरी तडीस गेली नाही आणि मातेउस पुन्हा डिचोलीस आले.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत वादग्रस्त पर्व येथून सुरू होते. १६५३ साली त्यांनी गोव्यातील ब्राह्मणांस उद्देशून एक पत्र लिहिले. 'ब्राह्मणांचा आरसा' या अर्थाच्या पोर्तुगीज नावाने ते ओळखले जाते. परक्यांची सत्ता निमूटपणे का सोसता, असा त्याचा रोख होता. त्याच वर्षी गोव्यात खुद्द पोर्तुगिजांमध्येच बंडाळी होऊन व्हाइसरॉय ओबिदुशचा काउंट पदच्युत झाला. पुढच्या वर्षी, १६५४ मध्ये, विजापूरच्या फौजा बार्देश आणि साष्टीत उतरल्या. वेंगुर्ल्यास १६३७ पासून वलंदेजांची वखार होती आणि ते पोर्तुगिजांचे हाडवैरी होते. या साऱ्यामागे डिचोलीच्या बिशपांची फूस आहे, असा आरोप पोर्तुगिजांनी केला. पत्राचा मजकूर पाहता त्यांची सहानुभूती कोणीकडे होती याविषयी संशय राहत नाही. मात्र विजापूर आणि वलंदेज यांना गोवा हवा होता तो स्वतःच्या हेतूंसाठी. त्याकरिता त्यांना कोणा बिशपाच्या सल्ल्याची गरज नव्हती, हेही ध्यानात घेतले पाहिजे. अखेरीस रोमने त्यांना परत बोलावून घेतले. १६५८ नंतरचे त्यांचे आयुष्य रोममध्येच गेले आणि तेथेच १६७७ च्या सुमारास त्यांचा अंत झाला. दिवाडीचे दर्शन त्यांना पुन्हा घडले नाही.

या चरित्राकडे पाहताना दोन टोकांची मते मांडली जातात. कोणी त्यांना देशद्रोही कारस्थानी म्हणतात, तर कोणी गोव्याच्या स्वातंत्र्याचा पहिला उद्गाता म्हणतात. वस्तुतः मातेउस हे स्वभावाने जुन्या वळणाचे धर्माधिकारी होते. त्यांनी कोणताही नवा पंथ काढला नाही, लॅटिन उपासनाविधी बदलावा असे म्हटले नाही, पोपच्या अधिकाराला कधी आव्हान दिले नाही. रोमने पाठवले तेथे ते गेले, रोमने बोलावले तेव्हा परतले. त्यांचे बंड होते ते धर्माशी निष्ठा राखून, धर्माच्या नावाने होणाऱ्या अन्यायाविरुद्ध. चर्चने स्वतःचाच उपदेश पाळावा, एवढेच त्यांचे मागणे होते. आणि नेमके तेच राज्यकर्त्यांना सर्वांत अवघड वाटले.

तथापि त्यांच्या मागण्यात एक मोठे वैगुण्यही होते. 'आमच्या लोकांना न्याय द्या' असे म्हणताना 'आमचे लोक' म्हणजे त्यांच्या मनात मुख्यतः ब्राह्मण असत. पत्र लिहिले ते ब्राह्मणांना, आणि कैवार घेतला तोही त्यांचाच. जन्मावरून माणसाची पायरी ठरवू नका, असे ते युरोपियनांना सांगत होते; परंतु त्याच जन्माची पायरी आपल्या घरात ते मोडू शकले नाहीत. हा दोष त्यांच्या एकट्याचा नव्हे. १६८० नंतरच्या दशकात गोव्यात एतद्देशीय पाद्र्यांचा ऑरेटरी संघ उभा राहिला. त्याला आकार देणारे फादर जोसेफ वाझ यांनी सिलोनमध्ये अपार कष्ट सोसून सेवा केली आणि २०१५ साली ते संत म्हणून घोषित झाले. अशा या पवित्र संघातही प्रवेश मात्र ब्राह्मणांनाच होता. म्हणून पुढे चार्डो पाद्र्यांनी चिंबल येथे आपला निराळा कार्मेलाइट संघ स्थापला. एक दार ठोठावून उघडले, तर त्याच्या आत आणखी एक दार बंदच होते.

मातेउस यांच्या प्रयत्नांचे फळ काही अंशी त्यांच्या हयातीतच दिसले. त्यांचे भाचे-पुतणे म्हणून ओळखले जाणारे कुस्तोदियो द पिन्यो आणि तोमास द कास्त्रो हेही रोमकडून व्हिकर अपोस्टोलिक झाले. पण ती परंपरा नंतर खंडित झाली. १७८७ साली गोव्यात जो पिंटोंचा उठाव झाला, त्याच्या पुढाऱ्यांत दिवाडीचेच फादर जोझे आंतोनियो गोन्साल्व्हिश होते. एतद्देशीय पाद्र्यांना वरची पदे नाकारली जातात हीच तक्रार त्याच्या मुळाशी होती. १९२३ साली तामिळनाडूच्या किनाऱ्यावरील तुतिकोरीनला तिबुर्तियस रोश हे बिशप झाले, तेव्हा लॅटिन पंथात भारतीय बिशपांचे नवे युग सुरू झाले. ते ब्राह्मण नव्हते; दर्यावर्दी परवर समाजातून आले होते. दिवाडीच्या बिशपांचे जे गणित अर्धेच राहिले होते, ते तेथे पुढे सरकले. खुद्द गोव्याच्या पीठावर गोमंतकीय आर्चबिशप म्हणून राउल गोन्साल्विस यांची नेमणूक झाली ती १९७८ मध्ये. मातेउस यांच्या अभिषेकाला तेव्हा ३४१ वर्षे लोटली होती.

नार्व्याच्या नदीतून एकदा देव पार झाले आणि एकदा बिशप. दोघांनाही घालवणारी सत्ता एकच होती, आणि दोघांनाही आसरा मिळाला तो एकाच काठावर. सप्तकोटेश्वराचे देवालय आज तेथे डौलाने उभे आहे. बिशपांचे स्मारक म्हणून दाखवावे असे तेवढे ठळक तेथे काही नाही. परंतु त्यांनी विचारलेला प्रश्न उरला आहे. मनुष्य योग्य असताना केवळ जन्मामुळे त्याला दाराबाहेर उभे करावे काय? हा प्रश्न जो दुसऱ्याला विचारतो, त्याने तो आपल्या उंबरठ्यावरही विचारला पाहिजे. मातेउस द कास्त्रो यांनी पहिला भाग मोठ्या धैर्याने पार पाडला; दुसरा भाग मागून येणाऱ्यांवर सोपवून ते गेले.