पाइपावरची पाटी : नगरचा खापरी नळ ते स्प्रिंकलर

नळाचा इतिहास नगरकरांना नवा नाही. १४९० साली मलिक अहमदने हे शहर वसवलं. निजामशाहीच्या काळात कापूरवाडी, वडगाव, शेंडी या बाजूंनी खापरी नळांतून शहरात पाणी आणलं गेलं. पंप नव्हता. सगळा खेळ उताराचा आणि दाबाचा. आज त्या नळाचा एखादा तुकडा हाती आला, तरी त्यातून पाणी किती आणि किती दाबानं यायचं, हे तुकडा पाहून सांगता येत नाही. तो हिशेब करणाऱ्यांच्या डोक्यात होता, त्यांच्याबरोबर गेला.

आता छताकडे बघा. मोठ्या दुकानात, गोदामात, इस्पितळात लाल पाइप दिसतात आणि त्यांना छोटी तोंडं असतात. हे स्प्रिंकलर. तोंडाशी काचेची कुपी असते. साधारण ६८ अंश सेल्सिअसला ती फुटते आणि पाणी सुटतं. सिनेमात दाखवतात तशी सगळी तोंडं एकदम उघडत नाहीत. जिथं आग, तिथलीच उघडतात.

१८७४ च्या सुमारास अमेरिकेत न्यू हेवनच्या हेन्री पार्मेली यांनी आपल्या पियानोच्या कारखान्यात असे स्प्रिंकलर बसवले. पुढे फ्रेडरिक ग्रिनेल यांनी त्यांत सुधारणा केल्या. कापडगिरण्यांना आगीचं भय मोठं, त्यामुळे विमा कंपन्यांनी ही यंत्रणा उचलून धरली. १८९६ मध्ये अमेरिकेत एनएफपीए ही संस्था स्थापन झाली, आणि पाइप कसे टाकावेत याचे नियम एकसारखे होऊ लागले.

जुनी पद्धत तक्त्याची होती. पुढे रूढ झालेल्या तक्त्यात मध्यम धोक्याच्या इमारतीसाठी एक इंची पाइपावर दोन तोंडं, दोन इंचीवर दहा. तपासनीस आला की पाइप मोजायचा, तोंडं मोजायची, चूक लगेच सापडायची. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गणिताची पद्धत आली. दर चौरस मीटरला किती पाणी, किती क्षेत्रावर, त्यासाठी किती दाब, हे काढायचं आणि त्यावरून पाइप ठरवायचा. पाइप बारीक झाले, खर्च वाचला. पण एक गोष्ट हातची गेली : नुसतं पाहून आता काहीच कळेना! अगदी आपल्या खापरी नळासारखं.

म्हणून पाटी आली. मुख्य झडपेजवळ, पुसली जाणार नाही अशी. यंत्रणा कोणत्या भागासाठी आहे, किती क्षेत्र धरलं, पाण्याची घनता किती, मुख्य उभ्या पाइपाच्या तळाशी प्रवाह आणि दाब किती हवा, हे तिच्यावर लिहायचं. माल साठवत असाल तर कोणता माल, किती उंचीपर्यंत, तेही.

उदाहरण घेऊ. पाटीवर ‘मिनिटाला ५ मिलिमीटर, २१६ चौरस मीटर’ असं आहे. म्हणजे दर चौरस मीटरवर मिनिटाला ५ लिटर. एकूण १,०८० लिटर, तेही निव्वळ गणितानं. प्रत्यक्षात थोडं जास्तच लागतं. समजा सुप्याच्या औद्योगिक वसाहतीतलं एक गोदाम याच हिशेबानं बांधलं. तिथं सुटे लोखंडी भाग होते. दहा वर्षांनी भाडेकरू बदलला, त्यानं फोमच्या गाद्या छतापर्यंत रचल्या. पाइप तेच, पंप चालू, दाबमापक ठीक. तरी यंत्रणा त्या आगीला पुरणार नाही. हे सांगायला तिथं फक्त पाटी असते.

आपल्याकडे स्प्रिंकलरसाठी आयएस १५१०५ हे भारतीय मानक आहे. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक कायदा २००६ चा. त्यानुसार मालकानं किंवा भोगवटादारानं जानेवारीत आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचा दाखला द्यायचा. पण ‘चालू आहे’ आणि ‘पुरेशी आहे’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

६ नोव्हेंबर २०२१ ला आपल्याच शहरात जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली. त्या दिवशी ११ रुग्ण गेले. ती जखम अजून ओली आहे, आणि तिच्या कारणांचा निवाडा मी इथं करणार नाही. त्यानंतर आपण इमारतीत शिरताना ‘यंत्रणा आहे का?’ असं विचारायला शिकलो. त्यापुढचा प्रश्न आहे : ‘ती कशासाठी आखली होती, आणि आज इथं काय आहे?’ करोनाकाळात कितीतरी खोल्यांचा वापर रातोरात बदलला, तेव्हा हा प्रश्न फार थोड्या ठिकाणी विचारला गेला असेल.

तुमच्या सोसायटीत, कारखान्यात, दवाखान्यात स्प्रिंकलर असेल, तर उद्या झडपेजवळ जाऊन बघा. पाटी आहे का? रंगाखाली बुजली तर नाही ना? नसेल, तर आखणी करणाऱ्याकडून आकडे मागून घ्या, तो हयात आहे तोवर.