लोकल बोर्डाची शाळा ते समूह शाळा : पैसा रयतेचा, दार कोणासाठी?

बारामती-इंदापूर रस्त्यावर भवानीनगर मागे टाकले की लासुर्णे लागते. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावरचा हा ऊसपट्टा. गावठाणात शाळा, आणि भोवतीच्या वाड्यावस्त्यांवर जिल्हा परिषदेच्या एक-दोन शिक्षकी शाळा, हे या पट्ट्यातले नेहमीचे चित्र. बागायतदाराचा मुलगा सकाळी पिवळ्या गाडीत बसून इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातो. शेतमजुराची, भूमिहीनाची मुलगी वस्तीवरच्या शाळेत चालत जाते. आता सरकार म्हणते, वस्तीवरच्या शाळेचा पट कमी आहे, ती परवडत नाही.

मित्रांनो, परवडत नाही हा शब्द आला की पहिला प्रश्न विचारायचा, पैसा कोणाचा?

त्याचे उत्तर आपल्याच तालुक्याच्या इतिहासात आहे. मुंबई इलाख्यातली जमीन मोजणी आणि सारा आकारणीची नवी पद्धत गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ च्या सुमारास पहिल्यांदा राबवली ती इंदापूर तालुक्यात. पुढे १८६० च्या दशकात याच साऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंडाची पट्टी बसली आणि तिचा एक तृतीयांश वाटा शिक्षणासाठी ठेवला गेला. म्हणजे खेड्यातली सरकारी शाळा कोणा दानशूराच्या कृपेने उभी राहिली नाही. ती मातीत राबणाऱ्यांच्या घामावर उभी राहिली. सारा भरायचा खातेदार, पण त्या जमिनीत राबायचे महार, मांग, रामोशी आणि कुणबी.

आणि त्या शाळेत बसायचे कोण? १८८२ साली महात्मा जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे हाच हिशेब मांडला. सरकारचा महसूल रयतेकडून येतो आणि शिक्षणाचा लाभ वरच्या जातींना मिळतो, हे त्यांनी सरकारला लेखी सुनावले. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही मागणी त्यांनी तेव्हाच केली होती.

अस्पृश्यांसाठी तर दारच बंद होते. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. मुंबई सरकारने तो नाकारला. एका मुलासाठी शाळेतली बाकीची मुले निघून जातील, ही त्यामागची भीती. पुढे सरकारी शाळा सर्वांना खुल्या, हे तत्त्व वरून मान्य झाले. पण कागदावरचे तत्त्व गावच्या शाळेच्या पायरीपर्यंत पोचले नाही. १९०० साली सातारच्या सरकारी शाळेत दाखल झालेल्या लहानग्या भीमरावाला घरून आणलेल्या तरटावर बसावे लागले आणि पाण्यासाठी शिपायाची वाट पाहावी लागली. शाळा सरकारी होती, पट्टीही सर्वांची होती, फक्त पाण्याचे भांडे सर्वांचे नव्हते.

कोल्हापुरात मात्र राजर्षी शाहूंनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. १९१९ साली त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांच्या शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. हा क्रम लक्षात ठेवा. महाराजांनी शाळा बंद केल्या, पण त्याआधी सामाईक शाळेचे दार उघडले. आज दार उघडण्याची हमी न देता शाळा बंद करायची भाषा चालू आहे. दोन्हीला एकच शब्द लावता येणार नाही.

१९२३ हे वर्ष आपल्यासाठी दुधारी ठरले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, सरकारी शाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या. त्याच वर्षी प्राथमिक शिक्षणाचा कायदा आला आणि शाळांचा कारभार जिल्हा लोकल बोर्डांच्या स्कूल बोर्डांकडे गेला. वरून ही लोकशाहीची वाटचाल होती. पण बोर्डावर बसणार कोण? गावातला पाटील, वतनदार, सावकार. जो माणूस महाराला विहिरीवर येऊ देत नव्हता, तोच महाराच्या मुलाच्या शिक्षकाची बदली ठरवणार होता.

बाबासाहेबांनी हा धोका ओळखला. १९२७ साली कायदेमंडळात त्यांनी आकडे मांडले की प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी अवघी अठरा चौथीपर्यंत पोचतात. दारूच्या उत्पन्नातून सरकार लोकांकडून जितके घेते, तितके तरी शिक्षणावर खर्च करा, असे त्यांनी सुनावले. १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षण स्कूल बोर्डांच्या हाती देण्याला स्पष्ट विरोध केला. पुढे स्टार्ट समितीने, ज्यात बाबासाहेब सदस्य होते, १९३० च्या अहवालात वेगळ्या शाळांपेक्षा सामाईक शाळांचा आग्रह धरला.

इथे कोणी म्हणेल, बाबासाहेबांनाच सामाईक शाळा हवी होती ना? मग वस्तीवरच्या छोट्या शाळा एकत्र करून एक मोठी शाळा झाली तर बिघडले कुठे?

प्रश्न रास्त आहे. त्याला घोषणेने नव्हे, वस्तुस्थितीने उत्तर द्यायला हवे. सामाईक शाळा म्हणजे पाटलाचा मुलगा आणि मजुराची मुलगी एका बाकावर. समूह शाळेत पाटलाचा मुलगा येणारच नाही. तो आधीच पिवळ्या गाडीतून गेलेला आहे. चार वस्त्यांवरची गरिबांची मुले एका ठिकाणी गोळा केल्याने शाळा सामाईक होत नाही. तिथे गरिबीच फक्त एका छताखाली येते, आणि चालण्याचे अंतर वाढते.

आता आकडे पाहू. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले गेले. तेव्हा राज्यात अशा १४,७८३ शाळा होत्या, त्यांत १,८५,४६७ मुले आणि २९,७०७ शिक्षक. यशाचे उदाहरण म्हणून आपल्याच जिल्ह्यातल्या पानशेतचे नाव पुढे केले गेले.

दुसऱ्या हाताने काय केले? फेब्रुवारी २०२४ मध्ये शिक्षण हक्काच्या नियमांत बदल केला की एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला पंचवीस टक्के राखीव जागांची सक्ती नाही. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये हा बदल रद्द केला. पण डाव बघा. खासगी शाळेचे दार बंद करायचे तेव्हा जिल्हा परिषदेची शाळा जवळ आहे म्हणायचे, आणि ती जवळची शाळा चालवायची वेळ आली की पट नाही म्हणायचे. आपल्या मुलांनी जायचे कुठे?

छोट्या शाळा एकत्र करणे हे काही आपल्याच देशात घडले नाही. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १९४६ साली साडेसहाशेच्या आसपास शालेय जिल्हे एकत्र करून त्यांची संख्या शंभराच्या खाली आणली. अनेक छोट्या वस्त्यांची मुले एकाच निवडलेल्या मंडळाखाली आली. पण कॅनडातही मूळनिवासींच्या मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत कोंडले गेले, आणि त्यातल्या शेवटच्या शाळा बंद व्हायला १९९० चे दशक उजाडले. ऑंटारिओ प्रांतात काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळांना मुभा देणारे कलम १९६४ पर्यंत कायद्यात होते. म्हणजे कारभार जिल्ह्याचा की प्रांताचा एवढ्यावर न्याय ठरत नाही. निर्णयाच्या टेबलावर कोण बसले आहे, यावर तो ठरतो. बाबासाहेबांचा १९२८ चा आक्षेप नेमका हाच होता.

मात्र १९२८ आणि आज यांत एक मोठा फरक आहे. १ मे १९६२ पासून शाळा जिल्हा परिषदेकडे आल्या. तिथे आपल्या राखीव जागा आहेत. संविधान सभेत बाबासाहेबांनी शिक्षणाचे कलम चौदा वर्षांपर्यंत ठेवण्याचा आग्रह धरला, कारण चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात कामाला लावता येणार नसेल, तर त्याची जागा शाळेत हवी. त्यातूनच पुढे २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला. त्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला आणि वंचित घटकांना प्रमाणात प्रतिनिधित्व दिले. महाराष्ट्राच्या नियमांनी पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असे ठरवले. स्कूल बोर्डावर ज्यांना पाय ठेवता येत नव्हता, त्यांची खुर्ची आज कायद्याने ठेवलेली आहे. आपण त्या खुर्चीवर बसतो का?

खरे सांगायचे तर बसत नाही. १४ एप्रिलला आपली मिरवणूक गावभर फिरते, आणि शाळा समितीची सभा कधी झाली हे आपल्याला माहीत नसते. आपल्यापैकी ज्याला नोकरी लागली, त्यानेही पहिल्यांदा स्वतःचे लेकरू जिल्हा परिषदेच्या शाळेतून काढले. पट आपोआप कमी झाला नाही, त्यात आपलाही हात आहे.

म्हणून लासुर्ण्यासारख्या प्रत्येक गावातल्या तरुणांनी चार कामे करावीत. वस्तीवरच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत कोण आहे, ते विचारावे आणि इतिवृत्त मागावे. केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे शाळेचा पट आणि रिक्त पदे लेखी मागावीत. शाळा हलवायचा प्रस्ताव आला, तर ग्रामसभेत ठराव घ्यावा की आधी गाडी, सोबत आणि रस्ता, मगच पुढची चर्चा. आणि हंगामात कारखान्याच्या तळावर उतरणाऱ्या ऊसतोड कामगारांच्या मुलांची नावे शाळेच्या पटावर घालावीत. बीड-नगरकडून येणारी ही मुले मोजली, तर कमी पटाचे रडगाणे काही ठिकाणी आपोआप थांबेल.

रुपयामागे एक आण्याची ती पट्टी कधीच इतिहासजमा झाली. पण काडेपेटीपासून मोबाईलच्या रिचार्जपर्यंत आजही प्रत्येक मजूर कर भरतो. शाळा त्याच्याच पैशाची आहे. परवडत नाही हे त्याला ऐकवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

जय भीम!