श्रद्धा, सत्कृत्ये आणि नीतिमत्त्व : द्राक्षवेलाचा धडा

मनुष्य देवासमोर नीतिमान ठरतो तो श्रद्धेने की सत्कृत्यांनी? धर्मशिक्षणाच्या वर्गात, प्रोटेस्टंट आप्तेष्टांशी बोलताना किंवा एखाद्या अंत्यविधीनंतर हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात येतो. कोणी म्हणतो, दानधर्म केला की स्वर्ग मिळतो. कोणी म्हणतो, श्रद्धा असली की पुरे. ख्रिस्तसभेची शिकवण या दोन्ही उत्तरांहून वेगळी आहे.

नीतिमान ठरणे म्हणजे काय, हे प्रथम पाहू. देव आपल्या पापांची क्षमा करतो आणि त्याच वेळी आपले अंतःकरण नवे करतो, या दोन्ही गोष्टी त्यात येतात. ही कृपा आपल्याला स्नानसंस्कारात लाभते. प्राणघातक पापाने ती गमावली, तर प्रायश्चित्त संस्काराद्वारे ती पुन्हा मिळते.

संत पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्रात (३:२८) सांगतात की, मनुष्य नियमशास्त्राच्या कर्मांवाचून श्रद्धेने नीतिमान ठरतो. संत याकोब (२:२४) मात्र म्हणतात की, तो केवळ श्रद्धेने नव्हे, तर कृतींनी नीतिमान ठरतो. दोघेही अब्राहामाचेच उदाहरण देतात, परंतु त्याच्या आयुष्यातील वेगवेगळ्या प्रसंगांचे. पौल अब्राहामाने देवाच्या वचनावर ठेवलेल्या विश्वासाकडे (उत्पत्ती १५) बोट दाखवतात, तर याकोब इसहाकाच्या अर्पणाकडे (उत्पत्ती २२). एक आरंभ दाखवतो, दुसरा परिपक्वता. शिवाय पौल स्वतःच गलतीकरांस (५:६) सांगतात की, महत्त्व आहे ते प्रीतीद्वारे कार्य करणाऱ्या श्रद्धेला.

सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर यांनी 'केवळ श्रद्धेने' हे सूत्र मांडले आणि पाश्चात्त्य ख्रिस्ती जग दुभंगले. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १३ जानेवारी १५४७ रोजी आपला निर्णय जाहीर केला. कॅथलिक लोक सत्कृत्ये करून तारण विकत घेतात, असा आरोप अनेकदा होतो. परंतु नीतिमान ठरण्यापूर्वीची आपली श्रद्धा किंवा आपली कृती, यांपैकी काहीही त्या कृपेची किंमत होऊ शकत नाही, असे याच परिषदेने स्पष्ट केले. पुढे परिषदेने द्राक्षवेलाचा दाखला दिला : वेलाचे सामर्थ्य फांद्यांत वाहावे, तसे ख्रिस्ताचे सामर्थ्य आपल्या सत्कृत्यांच्या आधी, त्यांच्यासोबत आणि त्यांच्यानंतरही आपल्यात वाहत असते.

जुन्नर आणि नारायणगाव परिसरातील द्राक्षबागायतदाराला हा दाखला समजावून सांगावा लागणार नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर येणाऱ्या नव्या काडीच्या डोळ्यांत घड आतल्या आत घडू लागतो. डोळ्यांना तो दिसतो ऑक्टोबरच्या छाटणीनंतर. म्हणजे फळ दिसण्याच्या कितीतरी आधी रस आपले काम करीत असतो. काडी घड देते म्हणून वेलाला जोडली जात नाही; वेलाला जोडलेली असते म्हणून घड देते. छाटून बांधावर पडलेली काडी कितीही हिरवी दिसो, तिला द्राक्षे लागत नाहीत. येशूने संत योहानाच्या शुभवर्तमानात (अध्याय १५) हेच सांगितले आहे.

दाखल्याला मर्यादाही आहे. काडीला इच्छा नसते, आपल्याला असते. देव आपल्या होकारावाचून आपल्याला ओढून नेत नाही. मात्र तो होकार देण्याचे बळही त्याच्याच कृपेतून येते.

आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी डोंगर कोसळला आणि सुमारे दीडशे माणसे गाडली गेली. अशा वेळी संत याकोबांचा प्रश्न (२:१५-१६) आपल्यासमोर उभा राहतो : उघड्यानागड्या, उपाशी भावाला केवळ शुभेच्छा देऊन पाठवले, तर काय उपयोग? संकटग्रस्ताच्या दारी जाऊन आपण देवाला ऋणी करीत नाही. आपल्याला फुकट मिळालेली दया आपल्या हातून पुढे जाते, एवढेच. संत मत्तयच्या शुभवर्तमानातील (अध्याय २५) नीतिमान लोकांना आपण ख्रिस्ताचीच सेवा केली हे ठाऊकही नव्हते. त्यांनी हिशेब ठेवलाच नव्हता.

या विषयावरील जुना वाद आता पुष्कळ निवळला आहे. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे कॅथलिक ख्रिस्तसभा आणि लूथरन जागतिक महासंघ यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आपल्या गुणांमुळे नव्हे, तर कृपेनेच, ख्रिस्तावरील श्रद्धेद्वारे देव आपल्याला स्वीकारतो आणि पवित्र आत्म्याद्वारे सत्कृत्यांसाठी सिद्ध करतो, हे दोघांनीही मान्य केले. मेथडिस्ट मंडळ्या २००६ मध्ये आणि रिफॉर्म्ड मंडळ्या २०१७ मध्ये या सहमतीत सामील झाल्या. काही मतभेद उरले आहेत. तथापि शेजारच्या प्रोटेस्टंट बांधवाशी बोलताना 'तुम्ही श्रद्धावाले, आम्ही कर्मवाले' ही भाषा आता आपल्या तोंडी शोभणार नाही.

म्हणून रविवारी दानपेटीत टाकलेली नोट ही स्वर्गाच्या भाड्याची पावती नव्हे, आणि मिस्साबलिदानातील 'आमेन' ही शेजाऱ्याकडे पाठ फिरवण्याची मुभा नव्हे. आपण वेलात राहू या. मग आपल्या फांदीवर घड आहे की नुसती पाने, हेही प्रामाणिकपणे पाहू या.