वाजंत्री, कॅसिओवाला, डीजे : खानदेशातील एका पेशाची बदलती नावे

संगणकावर संगीत रचणाऱ्या माणसाला काय म्हणावे, हा प्रश्न वरवर पाहता परिभाषेचा वाटत असला, तरी जळगाव आणि धुळे या जिल्ह्यांत तो श्रेय, बिदागी आणि मालकी या तिन्ही गोष्टींशी जोडला गेलेला आहे. लग्नाची हळद, वरात, कानबाई या लोकदेवतेचा उत्सव, गणपतीची मिरवणूक आणि यूट्यूबवरची अहिराणी गाणी यांना लागणारे संगीत आज मोठ्या प्रमाणावर एखाद्या लहानशा खोलीत, एका संगणकावर आणि बहुधा एकाच माणसाच्या हातून तयार होते. त्या माणसाला कोणी अरेंजर म्हणते, कोणी प्रोग्रामर, कोणी म्युझिक डायरेक्टर, कोणी ट्रॅकवाला, तर कोणी नुसतेच डीजे. वाजवणाऱ्याला आणि रचणाऱ्याला नाव देण्याची खानदेशातील रीत पिढ्यांमागून पिढ्या कशी बदलत गेली, हे पाहिल्याशिवाय या गोंधळाची कारणे लक्षात येत नाहीत.

प्रथम प्रदेशाची ओळख करून घेणे आवश्यक आहे. इंग्रजी अमलातील खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. त्यांचेच पुढे जळगाव आणि धुळे जिल्हे झाले आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. येथील अहिराणी बोलीला भाषाभ्यासक ग्रिअर्सन यांनी भारताच्या भाषिक पाहणीत खानदेशी या नावाखाली भिली भाषांच्या शेजारी स्थान दिले होते. २०११ च्या जनगणनेत खानदेशी भाषकांची संख्या १८ लाख ६० हजारांच्या घरात गेली. इतका मोठा श्रोतृवर्ग असूनही मुंबईच्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या लेखी या बोलीला प्रमाण मराठीइतका भाव कधी आला नाही, आणि म्हणूनच स्वस्त साधने हाती येताच येथे स्थानिक पातळीवर गाणी तयार करण्याचा स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला.

जुन्या गावगाड्यात वादकाचे नाव त्याच्या कामावरून आणि काम जन्मावरून ठरत असे. देवळात सनई-चौघडा वाजवणारा गुरव, लग्नात वाजंत्री वाजवणारे मातंग किंवा अन्य समाजाचे लोक यांना बलुत्याचा किंवा मानाचा वाटा मिळे. परंतु ते वाजवत असलेली चाल कोणाची, हा प्रश्नच उपस्थित होत नसे. आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, आणि मुलींच्या गुलाबाई या सणाची गाणी, कानबाईच्या जागरणातील गीते, जात्यावरच्या ओव्या यांना रचणारा असणारच; मात्र त्याचे किंवा बहुधा तिचे नाव टिकले नाही. डफ-ढोलकीच्या साथीने होणाऱ्या वहीगायन या लोकगायनाच्या प्रकारातही नाव घेतले जाई ते गाणाऱ्या पार्टीचे आणि तिच्या गावाचे. चाल लावणे ही क्रिया भाषेत होती, पण चाल लावणाऱ्याचा वेगळा पेशा मात्र नव्हता.

हा पेशा प्रथम आकाराला आला तो बँडमुळे. लष्करी बँडच्या धर्तीवर तालुक्याच्या गावोगावी जे गणवेशधारी बँड निघाले, त्यांत ट्रम्पेट, क्लॅरिनेट, साइड ड्रम अशी वाद्ये असत आणि नव्या चित्रपटातले गाणे ऐकून ते या वाद्यांमध्ये वाटून देणाऱ्या माणसाला बँडमास्तर म्हणत. कोणत्या ओळीला क्लॅरिनेट, कोणत्या तुकड्याला ट्रम्पेट, कोठे नुसता ताल, हे तो ठरवी. चित्रपटसृष्टीत ज्याला अरेंजर किंवा संगीत संयोजक म्हणतात, त्याचेच हे काम होते. पुढे बुलबुलतरंगाला विजेची जोड देऊन तयार झालेला बेंजो आला आणि बँडच्या जोडीला बेंजो पार्ट्या निघाल्या. त्यानंतर ऑक्टोपॅड, म्हणजे काठीने वाजवायचे आठ चौकोनी पट्ट्यांचे विजेवर चालणारे तालवाद्य, आणि बॅटरीवर चालणारा कीबोर्ड हातगाडीवर चढला. हा कीबोर्ड कोणत्याही कंपनीचा असो, त्याला लोक कॅसिओ म्हणत आणि वाजवणाऱ्याला कॅसिओवाला. बँडमास्तर या शब्दात असलेला मास्तरकीचा मान या नावात उरला नाही, कारण त्यात माणसाची ओळख त्याच्या समोरच्या यंत्रावरून होत होती.

वस्तुतः संगीतात यंत्राचा प्रवेश जगात इतरत्र बराच आधी झाला होता. १९५७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी संगणकाकडून ध्वनी निर्माण करून घेणारी आज्ञावली लिहिली, आणि त्याच सुमारास इलिनॉय विद्यापीठात हिलर व आयझॅक्सन यांनी संगणकाने रचलेली स्वरपंक्ती चार तंतुवाद्यांसाठी सिद्ध केली. म्हणजे आरंभीच या कामाच्या दोन बाजू दिसून आल्या : एकीत संगणक वाद्याच्या जागी होता, दुसरीत रचनाकाराच्या. भारतात अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेने स्वर निर्माण करणारे वाद्य, बसवला गेला आणि तेथे गीता साराभाई यांच्यासारख्या कलावंतांनी प्रयोग केले. मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रागांना तालयंत्राची जोड देऊन ध्वनिमुद्रिका केली, जिचे महत्त्व बऱ्याच वर्षांनी जगाच्या ध्यानात आले. १९८३ मध्ये मिडी ही संकेतपद्धती ठरली. मिडीत प्रत्यक्ष आवाज साठवला जात नाही. कोणता स्वर, किती जोराने आणि किती वेळ वाजवायचा एवढीच सूचना अंकांत नोंदली जाते, त्यामुळे एकदा वाजवलेला तुकडा पुढे सनईच्या, बासरीच्या किंवा तंतुवाद्याच्या आवाजात हवा तसा बदलता येतो.

मुंबईच्या चित्रपटसृष्टीत तोवर श्रेयाची उतरंड पक्की झाली होती. चाल देणारा तो संगीतकार किंवा संगीत दिग्दर्शक, तिला वाद्यमेळाचा साज चढवणारा संयोजक, आणि वाजवणारे वादक. मराठीत अनिल मोहिले आणि अरुण पौडवाल या दोघांनी अरेंजर म्हणून मोठे नाव मिळवले आणि अनिल-अरुण या जोडनावाने स्वतंत्र संगीतही दिले. त्यांचे उदाहरण असे सांगते की ही दोन कामे एकाच माणसाच्या अंगी असली, तरी श्रेयनामावलीत ती वेगवेगळी मोजली जात. वाद्यमेळाची जागा संगणकाने घेऊ लागल्यावर या उतरंडीत प्रोग्रामर हे आणखी एक नाव दाखल झाले. यंत्रात ताल आणि स्वर भरणारा, असा त्याचा मर्यादित अर्थ होता. मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी एवढी माणसे वेगवेगळी ठेवणे परवडणारे नसल्यामुळे ही सगळी नावे एकाच माणसावर येऊन पडली.

घरगुती संगणक आवाक्यात आले आणि १९९७ मध्ये बेल्जियममधील एका कंपनीने काढलेले फ्रूटीलूप्स, म्हणजे आजचे एफएल स्टुडिओ, हाती येऊ लागले, तसे हे काम नोटेशन न शिकलेल्या तरुणांच्याही कक्षेत आले. या आज्ञावलीत सोळा चौकोनांची एक ओळ असते. जेथे ठोका हवा तेथील चौकोन माऊसने उजळायचा आणि ती ओळ पुन्हा पुन्हा फिरवायची, एवढ्यावर तालाचा सांगाडा उभा राहतो. अहिराणी गाण्याचे काम बहुधा असे चालते : गायक किंवा गीतकार चाल गुणगुणून मोबाइलवर पाठवतो, संगणकावर बसलेला माणूस तिची लय मोजून काळी-पांढरी, म्हणजे स्वरपट्टी, ठरवतो, ढोलकीचा तयार तुकडा घेऊन त्याखाली विजेच्या ढोलाचा जाड ठोका बसवतो, मुखड्याआधी सनईच्या किंवा बासरीच्या आवाजातील सुरावट आणि दोन कडव्यांच्या मध्ये वाजणारे तुकडे स्वतः रचतो, मग फोम लावलेल्या खोलीत गायकाचा आवाज घेतो, ढळलेले सूर दुरुस्त करतो आणि शेवटी सर्व आवाजांचा तोल साधून फाइल हवाली करतो. वरातीत लोक ज्या सुरावटीवर पहिले पाऊल टाकतात, ती सुरुवातीची सुरावट अनेकदा त्याची असते. गाणे मात्र गायकाच्या आणि व्हिडिओत दिसणाऱ्या कलाकारांच्या नावाने ओळखले जाते. ‘बबल्या इकस केसावर फुगे’ किंवा ‘हाई झुमका वाली पोर’ ही अहिराणी गाणी खानदेशाबाहेरही वाजली. ज्यांना ती तोंडपाठ आहेत, त्यांतल्या किती जणांना त्यांचा संगीत संयोजक सांगता येईल, याचा अंदाज बांधणे अवघड नाही.

याच काळात डीजे या शब्दाने खानदेशात वेगळेच वळण घेतले. मूळ अमेरिकेत हा शब्द नभोवाणीवर तबकड्या लावणाऱ्या निवेदकासाठी वापरला जाई, आणि १९७० नंतर न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात दोन तबकड्यांतून नवा ताल घडवणाऱ्या कलावंतांमुळे त्याला निर्मितीचा अर्थ लाभला. महाराष्ट्रात मात्र डीजे म्हणजे वाहनावर रचलेली कर्ण्यांची आणि स्पीकरची भिंत. ‘वरातीला डीजे सांगितला’, ‘डीजे लावला’, ‘डीजेला बंदी आली’ या वाक्यांत माणूस कोठेच नाही. त्यामुळे रिमिक्स करणाऱ्या तरुणांना आपण यंत्र नसून माणूस आहोत, हे गाण्यातच सांगावे लागले : स्वतःच्या नावाआधी डीजे लावून आणि पुढे गावाचे नाव जोडून ते नाव रेकॉर्ड केलेल्या आवाजात गाण्याच्या सुरुवातीला आणि मध्येमध्ये पेरले जाते. वहीच्या पार्टीला तिच्या गावावरून ओळखण्याची जी जुनी रीत होती, तीच येथे नव्या साधनातून पुढे चालू राहिली. परंतु या नावाची एक किंमतही मोजावी लागली. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ठरवली आणि रात्री १० नंतर ध्वनिवर्धकांवर निर्बंध आणले. त्यानंतर दरवर्षी गणेशोत्सवात आणि लग्नसराईत निघणाऱ्या मनाई आदेशांमुळे डीजे हा शब्द गोंगाटाचा समानार्थी झाला, आणि रचनाकार व कर्णकर्कश भिंत यांना लोक एकाच मापाने मोजू लागले.

साक्री-शिरपूरपासून नंदुरबारपर्यंतच्या आदिवासी पट्ट्यात नावांच्या बदलाची हीच प्रक्रिया निराळ्या रीतीने घडली. तेथे भोपळा आणि बांबू यांपासून बनवलेली पावरी, मांदळ आणि ढोल ही सणावारांची वाद्ये होती. आता रोडाली या नावाने चालणाऱ्या वाद्यवृंदांत कीबोर्ड आणि पॅड मुख्य झाले असले, तरी कीबोर्डवरचा हात पावरीसारखे अखंड फिरणारे सूर काढतो. येथे लोक वृंदाच्या नावाने ओळखतात. रचणारा आणि वाजवणारा यांत भेद करण्याची गरज नाचणाऱ्यांना भासत नाही.

तथापि कायद्याला हा भेद करावा लागतो, आणि तेथे नावाचे खरे मोल कळते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगीतकृतीची मूळ व्याख्या लिखित किंवा मुद्रित स्वरलिपीशी बांधलेली होती. १९९४ च्या दुरुस्तीने ही अट काढून टाकली आणि संगीत रचणारा तो संगीतकार, मग त्याने ते स्वरलिपीत नोंदवलेले असो वा नसो, असे स्पष्ट केले. त्याच दुरुस्तीत संगणकाच्या साहाय्याने निर्माण झालेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती कृती घडवून आणणारी व्यक्ती, असेही म्हटले आहे. याउलट संयोजन हे कायद्याच्या दृष्टीने मूळ कृतीचे रूपांतर असून त्याची परवानगी देण्याचा हक्क मूळ रचनेच्या हक्कधारकाकडे असतो. आणि ध्वनिमुद्रणाचा कर्ता मानला जातो तो निर्माता, म्हणजे ज्याच्या पुढाकाराने व जबाबदारीवर ध्वनिमुद्रण होते तो. पाश्चात्त्य देशांत म्युझिक प्रोड्युसर हा संगीत घडवणारा असतो, परंतु मराठीत निर्माता म्हणजे पैसे घालणारा. त्यामुळे आपल्याला म्युझिक प्रोड्युसर म्हणवून घेणारा तरुण आणि गाण्याचा निर्माता यांच्या हक्कांत व्यवहारात सरमिसळ होते. एकरकमी बिदागी घेऊन फाइल देताना श्रेयाच्या ओळीत कोणता शब्द पडतो, यावर पुढची मिळकत अवलंबून राहते.

स्वरलिपीवाचून रचना होते, हे खानदेशाला कायद्याने शिकवण्याची आवश्यकता नव्हती. असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या काम करता करता रचत गेल्या, आणि त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी व घरातील इतरांनी टिपून ठेवलेली त्यांची गाणी त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली. टिपणाऱ्यांचे ऋण मान्य करूनही कर्तृत्व कोणाचे, याविषयी कधी संदेह निर्माण झाला नाही. १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटासाठी वसंत पवारांनी त्यांच्या शब्दांना चाली दिल्या, तेव्हा शब्द कोणाचे आणि चाल कोणाची हेही स्वच्छ नोंदले गेले. रचना, नोंद आणि सादरीकरण ही तीन कामे वेगळी मोजण्याचा हा दाखला याच मातीतला आहे.

या पार्श्वभूमीवर संगणक-संगीतकार यासारखा नवा शब्द घडवण्याने फारसे साधणार नाही. असे शब्द कोशात राहतात, आणि शिवाय ते कॅसिओवाला या नावाचीच चूक पुन्हा करतात, कारण त्यांतही ओळख यंत्रावरून ठरते. हार्मोनियमवर चाल बांधणाऱ्याला कोणी हार्मोनियम-संगीतकार म्हटले नाही. मराठीत गरजेचे शब्द पूर्वीपासून आहेत : चाल ज्याची तो संगीतकार, पारंपरिक किंवा दुसऱ्याच्या चालीला वाद्यमेळ देणारा संगीत संयोजक, जुन्या ध्वनिमुद्रणातून नवा ताल घडवणारा रिमिक्सकार किंवा त्याला हवे असल्यास डीजे, आणि आवाज टिपून तोल साधणारा ध्वनिमुद्रक. एकाच माणसाने चारही कामे केली असतील, तर त्याचे नाव चार वेळा छापले जावे. ज्या मध्यसंगीताची सुरावट त्याने स्वतः रचली, तिच्यापुरता तो संगीतकारच ठरतो, आणि गायकाने आणलेली चाल आखाजीच्या झोक्यावरची असेल, तर तिच्यापुढे पारंपरिक असे लिहिण्याची जबाबदारीही त्याच्यावर येते. अहिराणी गाण्यांच्या व्हिडिओंखाली आता श्रेयनामावली दिली जाऊ लागली आहे. तिच्यातील प्रत्येक शब्द काम पाहून निवडला गेला, तर वाजंत्र्यांपासून चालत आलेले या पेशाचे निनावीपण बऱ्याच अंशी संपुष्टात येईल.