सातबारा कुणाला वाचता यावा?

मंडळी, सेवा ऑनलाइन आली म्हणजे ती लोकांची झाली, असं आपण पटकन म्हणून टाकतो. परभणीच्या शेतकऱ्याच्या हातातला एकच कागद घेऊन आज हे तपासून बघू. तो म्हणजे सातबारा.

1948 पर्यंत परभणी निजामाच्या राज्यात. महसुली दप्तर उर्दूत, गावपातळीवर कुठं कुठं मोडी. जमीन कसणारा मराठी बोलायचा, आणि त्याच्या जमिनीचा कागद मात्र दुसऱ्यानं वाचून दाखवायचा. हे फार जुनं झालं असं समजू नका. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली, तेव्हा मराठवाड्यात उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं शोधावी लागली.

1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 ला महाराष्ट्र झाला. कागद मराठीत आला. गाव नमुना सात म्हणजे हक्क, बारा म्हणजे पिकं. पण भाषा बदलली तरी मांडणी दप्तराचीच राहिली. एक उदाहरण देतो. खातेदार वारला किंवा त्यानं जमीन विकली, की त्याच्या नावाला कंस करायचे. महसूलवाल्यांच्या लेखी कंस म्हणजे नाव कमी झालं. साध्या माणसाला मात्र कंसातलं नाव कागदावर जसंच्या तसं दिसतं! दुसरं क्षेत्राचं. आपण बोलतो एकर-गुंठ्यात, कागद बोलतो हेक्टर-आरमध्ये. 1.20 लिहिलेलं असेल तर वाचणारा म्हणेल एक एकर वीस गुंठे. प्रत्यक्षात ती जवळपास तीन एकर जमीन आहे. भावाभावांच्या वाटणीत हा फरक म्हणजे चेष्टा नाही.

पुढं संगणक आला, आणि हीच मांडणी पडद्यावर गेली. हाताच्या सातबाऱ्यावरून टाइप करताना चुका झाल्या, त्या दुरुस्त करायला कलम 155 खाली तहसीलला अर्ज. 1 मे 2018 ला डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला, तलाठ्याच्या सहीसाठीच्या चकरा वाचल्या. ही मोठी गोष्ट होती, नाकारत नाही. पण कंस तसाच.

तो गेला सप्टेंबर 2020 च्या निर्णयानं. कमी केलेल्या नावावर आता आडवी रेघ येते. क्षेत्राचं एकक छापलं जातं. खाते क्रमांक नावाजवळ आला, शेवटचा फेरफार आणि त्याची तारीख दिसते, प्रलंबित फेरफारही कळतो. माझ्या मते सातबाऱ्याच्या इतिहासात वाचणाऱ्याचा विचार एवढ्या नेटानं तेव्हाच झाला. यातल्या रेघेला संगणकाचीही गरज नव्हती. ती पन्नास वर्षांपूर्वी शाईनंही मारता आली असती.

आता बारा नंबरकडं या. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी आली. पूर्वी पिकाची नोंद तलाठी करायचे. शेतात न येता चावडीत बसून पीक लिहिलं, ही तक्रार गावोगाव असायची. आता शेतकरी स्वतः शेतात उभा राहून फोटो काढतो. आपलं सोयाबीन आपणच लिहायचं, हा हक्कच म्हणायचा. पण तलाठ्याचं काम त्याच्याकडं आलं, हेही खरं. नोंद राहिली तर नुकसानभरपाईला, हमीभावाच्या खरेदीला अडचण. ज्याच्याकडं स्मार्टफोन नाही, ती म्हातारी मग शेजारच्या पोराला म्हणते, बाबा, माझं तेवढं भरून दे. पूर्वी पटवाऱ्याला म्हणायची, बाबा, माझं तेवढं वाचून दाखव.