वासोट्याचं जंगल वाचताना

वासोट्याला जायचं म्हणजे बामणोलीहून बोट, शिवसागर ओलांडून मेट इंदवली, तिथे वनखात्याकडे नोंद आणि मग दाट झाडीतली चढण. कोयना अभयारण्यातून परतणारे बरेच जण सांगतात, 'माणसाचा हात न लागलेलं जंगल आहे!' संशोधनाला विषय शोधत असाल, तर आधी हे वाक्यच तपासून बघा.

सुरुवात नावापासून करा. 'मेट' म्हणजे किल्ल्याच्या वाटेवरची पहाऱ्याची वस्ती. तुम्ही बोटीतून उतरता तिथे कधीकाळी माणसांचा राबता होता. पुढे एप्रिल १८१८ मध्ये इंग्रजांनी शेजारच्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवून हा किल्ला घेतला. आज तिकडची वाट रानात हरवली आहे. मग तेव्हा रान विरळ होतं का? घाई नको. माणसं लावून वाट तोडलेली असू शकते. एका पुराव्यावर निष्कर्ष काढायचा नाही, प्रश्न काढायचा.

आता पाण्याकडे बघा. साठच्या दशकात कोयना धरण झालं आणि खोऱ्याच्या तळातली गावं, भातखाचरं बुडाली. १९८५ मध्ये अभयारण्य, २०१० मध्ये चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात समावेश. जलाशय, निमसदाहरित झाडी, गवताळ मोकळवनं, वरचे जांभ्याचे सडे: पर्यावरणाचा अभ्यासक या वेगवेगळ्या परिसंस्था मोजेल. तुम्ही प्रत्येकीला वय विचारा. सडा माणसाच्या कितीतरी आधीचा, जलाशय मात्र साठेक वर्षांचा. मोकळवनात घराचं जोतं किंवा बांधाचे दगड दिसले, तर ते गवत म्हणजे कुणाचं तरी सोडलेलं शेत असू शकतं.

याचा अर्थ संरक्षण चुकलं असा नाही. पण जंगल 'मूळचंच असं' म्हटलं की इथून उठलेली माणसं इतिहासातूनही उठतात.

म्हणून कामाचा क्रम सांगतो. १८८५ चं सातारा गॅझेटियर, भूसंपादनाची कागदपत्रं, जुने नकाशे हे सगळं लागेलच. पण कोयनेच्या विस्थापितांच्या वसाहती सोलापूर, रायगड, ठाण्यापर्यंत पसरल्या आहेत. गाव सोडताना जे पोर दहा वर्षांचं होतं, ते आज सत्तरी ओलांडून गेलंय. आधी त्यांच्याकडे जा. गॅझेटियर थांबेल, ते थांबणार नाहीत.